दोन थाऊ

साकीनाक्याच्या गाळ्यात मी शनिवारी बिलं लिहायला जाते.
इनास मास्तरांचा लेथ हल्ली निम्मा दिवस बंदच,
चकवर जुना टॉवेल टाकलेला,
रात्री पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसा.

पहिला व्हिडिओ घेतला तो भांडणापायी.
गिऱ्हाईक म्हणालं, बुश ढिलं दिलंत.
त्यात माप काही दिसलं नाही,
दिसली मास्तरांची करंगळी,
हँडलवर कधीच न टेकणारी.
ही अशी वर का?
म्हणाले, ट्रम्पेटला तीनच बोटं लागतात.

मग घेतच राहिले.
फोन ग्रीसच्या डब्याला रबरबँडनं बांधून.
एकात अर्धा वेळ माझा अंगठा.
एकात शेजारची पॉवर प्रेस, धप्प, धप्प,
आणि चहावाला पोऱ्या मध्येच: किती कटिंग?
जागा संपली तेव्हा भाचीच्या बारशाचे फोटो पुसले.
बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

पितळेला फार धार चालत नाही, हे माझ्याकडे आहे, सतरा मिनिटं.
टूलचं नाक जरा मारायचं,
नाहीतर ते आत घुसतं.
"पितल बोलते, बाय. लोखंड नुस्तं रडते."
माणसाचा केस तीन थाऊ,
तुझा जरा जाड असेल, हेही आहे.

आणि ती चाल.
कुर्ल्याच्या गावात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी
उंबराचं पाणी आणायला बँड विहिरीपर्यंत जातो, तेव्हाची.
कुणी लिहून ठेवली नाही.
वाटेत इमारती आल्या, रस्ता आखडला,
चाल मात्र जुन्या रस्त्याएवढीच लांब.
आता विहिरीच्या जाळीपाशी उभं राहून
उरलेली वाजवतात.
तिसरा तुकडा फक्त मास्तरांना येतो.
तो मी जेवणाच्या सुट्टीत घेतला,
डबा उघडा, बोंबलाचा वास सोडून सगळं आलं.

फक्त एक राहिलं.
ट्रम्पेटच्या तोंडाला मागून जी निमुळती वाट कापतात,
ती त्यांनी एकदाच कापली माझ्यासमोर,
आणि नेमकं तेव्हाच मी पुढे वाकले.
चार मिनिटं बावीस सेकंद
माझा अंबाडा.

आवाज तेवढा शाबूत.

त्यानंतर मास्तरांचा हात थरथरू लागला
आणि टॉवेल चकवरून निघेना.

रात्री कानात बोंडं घालून मी तो अंबाडा ऐकायचे.
कुठे फीड थांबतो, कुठे तेल पडतं,
कुठे पितळेचा आवाज बारीक होत होत
दाराच्या फटीतल्या वाऱ्यासारखा होतो.
शनिवारी बिलं लवकर उरकून लेथवर उभी राहिले.
वहीत माझ्याच अक्षरात नोंद आहे:
पितळ, वाया, नग दोन.

तिसरा जुजेच्या नातवाला दिला.
क्लाइव्हनं तो लावून विहिरीपर्यंत वाजवलं,
तिसरा तुकडा माझ्या फोनवरून शिकलेला.
मी मागे मागे, उलट्या चपलांच्या ढिगातून
फोन उंच धरून. निम्म्यात नवरीच्या आत्याची पाठ.

मास्तरांचा डावा कान प्रेसनं कधीच खाल्लाय,
उजवा चाललाय त्याच वाटेनं.
आवाज पूर्ण वाढवला. नाही म्हणाले.
मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला,
बेअरिंग तपासायचा तोच,
टोक फोनच्या जाळीवर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.

बराच वेळ.
बाहेर टेम्पो रिव्हर्स घेत होता.

"भोक दोन थाऊ मोठं झालं.
आयकू येत नाय काय गो तुला?"

मी म्हटलं, द्या फोन, बॅटरी संपेल.

करंगळी वर उचलली त्यांनी.
"थांब.
हीर अजून आली नाय."